दूरची वाट

दिनांक २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधील सेरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात त्या दिवशी श्रोते जमले होते ते एका विलक्षण भाषणासाठी. बोलण्यास उभी राहिलेली व्यक्ती कोणी प्रौढ पंडित नव्हती, की नामांकित पुढारी नव्हती. अंगावर साधे लुगडे, कपाळावर कुंकू आणि मुद्रेवर शांत निश्चय अशी एक महाराष्ट्रीय स्त्री तेथे उभी होती. तिला अठरा वर्षेही पुरी झालेली नव्हती. वैद्यकीय शिक्षणासाठी आपण एकटीच अमेरिकेस का जात आहो, हे ती इंग्रजीतून सांगणार होती. ती स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी.

त्या काळी मुलीच्या हाती पुस्तक दिसले तरी शेजारीपाजारी कुजबुज सुरू होई. मग समुद्र ओलांडून परदेशी जाणे, तेही स्त्रीने, आणि तेही एकटीने, ही गोष्ट लोकांच्या कल्पनेतही बसणारी नव्हती. आनंदीबाईंनी ही वाट का निवडली? जवळची, सोपी वाट त्यांना नव्हती काय? होती. तीच हकीकत मोठी उद्बोधक आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. वडिलांचे नाव गणपतराव. मुलीचे नाव यमुना असे ठेवण्यात आले. घराणे एके काळी संपन्न होते. पण आता त्याला उतरती कळा लागली होती. रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न झाले. पती गोपाळराव जोशी टपालखात्यात नोकरीस होते. ते विधुर होते व वयाने तिच्याहून बरेच मोठे होते. सासरी यमुनेची आनंदी झाली.

गोपाळराव हे मोठे विक्षिप्त गृहस्थ होते. बायकोला शिकवावयाचे, हा त्यांचा ध्यास होता. लग्न ठरतानाच त्यांनी तशी अट घातली होती. लोक काय म्हणतील याची त्यांना फिकीर नसे. परंतु त्यांचा हट्ट इतका तीव्र होता की, लहानग्या आनंदीकडून अभ्यासात कसूर झाली, तर ते रागावून तिच्यावर हातही टाकीत. शिक्षणाची ही रीत चांगली नव्हती, आणि त्या माराची आठवण आनंदीबाईंच्या मनातून पुढेही गेली नाही. तथापि, अक्षरांची गोडी मात्र त्यांना लागली. जी गोष्ट प्रथम पतीच्या हट्टासाठी केली, ती पुढे त्यांची स्वतःची झाली.

गोपाळरावांच्या बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा गावोगावी बिऱ्हाड हलवावे लागे. मुंबईत असताना आनंदीबाई शाळेत जात. पुस्तके घेतलेली ही सासुरवाशीण रस्त्याने चालू लागली की, लोक खिडक्यांतून डोकावत, हसत, नावे ठेवीत. कोणी खडे मारी, तर कोणी पान खाऊन अंगावर थुंकण्यासही कमी करीत नसे. मान खाली घालून आनंदीबाई चालत राहत. रस्ता बदलावा किंवा शाळा सोडावी, असे त्यांच्या मनात आले नाही.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली असती, तर आपले मूल वाचले असते, ही जाणीव त्या कोवळ्या आईच्या अंतःकरणात खोल रुजली. त्यांनी भोवताली पाहिले, तेव्हा हे दुःख आपल्या एकटीचे नाही असे त्यांना दिसून आले. घरोघरी बायका दुखणी अंगावर काढीत होत्या. पुरुष डॉक्टरपुढे आपले दुखणे सांगणे त्यांना मरणाहून कठीण वाटे. आणि स्त्री डॉक्टर तर कोठे दृष्टीस पडत नसे. लाजेपायी किती बाळंतिणी दगावत, किती अर्भके डोळे मिटत, याची गणती नव्हती. आपणच डॉक्टर व्हावे, असा विचार आनंदीबाईंच्या मनात आला आणि पाहता पाहता त्याचा निश्चय झाला.

डॉक्टर व्हावयाचे खरे. पण कोठे शिकून? येथे दोन वाटा समोर आल्या.

पहिली वाट मद्रासची. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ साली चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. हे त्या काळी मोठेच धाडस होते. त्या चौघींपैकी मेरी शार्लीब या इंग्रज बाई पुढे नामांकित डॉक्टर झाल्या, आणि मद्रासमध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभारण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. तेव्हा ही वाट काही अगदीच टाकाऊ नव्हती. मद्रास आपल्याच देशात होते. तेथे जाण्यास समुद्र ओलांडावा लागत नव्हता. त्यामुळे जातीबाहेर पडण्याचे भय नव्हते. हवा उष्ण, ओळखीची, अन्नपाणी आपले, खर्चही बेताचा. पतीची भेट घेणेही फारसे अवघड नव्हते.

दुसरी वाट अमेरिकेतील फिलाडेल्फिया या शहराची. तेथे १८५० सालापासून केवळ स्त्रियांसाठी स्थापन झालेले एक वैद्यकीय महाविद्यालय होते. पेनसिल्व्हेनियाचे स्त्री वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते प्रसिद्ध होते. स्त्रियांना डॉक्टरीची पूर्ण पदवी देणाऱ्या जगातील आरंभीच्या संस्थांपैकी ती एक होती. तेथे शिकणाऱ्या साऱ्या स्त्रिया. शिकविणाऱ्यांतही अनेक स्त्रिया. आणि संस्थेची प्रमुखही रेचेल बॉडली नावाची एक विदुषीच होती. थॉर्बर्न नावाच्या एका डॉक्टर दांपत्याने या महाविद्यालयाचे नाव आनंदीबाईंना सुचविले होते. पण फिलाडेल्फिया म्हणजे अर्ध्या पृथ्वीपलीकडचे गाव! सुमारे दोन महिन्यांचा समुद्रप्रवास, हाडे गोठविणारी थंडी, परके लोक, परके अन्न, आणि परत आल्यावर बहिष्काराची टांगती तलवार.

अमेरिकेशी जोशी दांपत्याचा संबंध एका योगायोगाने जुळला होता. १८७८ साली कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. पत्नीला अमेरिकेत शिकविण्याची आपली इच्छा त्यांनी त्यात कळविली होती. उत्तर आले, पण त्याचा रोख असा होता की, जोशी दांपत्याने आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा. ही गोष्ट दोघांनाही मान्य झाली नाही. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. पुढे १८८० साली न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या कार्पेंटर बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असता, वेळ घालविण्यासाठी त्यांनी तेथे पडलेले एक मासिक सहज चाळले. तेच ते मासिक! दूरदेशीच्या एका मुलीची शिकण्याची धडपड वाचून त्यांचे मन हेलावले. त्यांनी आपण होऊन पत्र पाठविले. पत्रांमागून पत्रे गेली, आली. आणि ज्यांनी एकमेकींचे तोंडही पाहिले नव्हते, अशा त्या दोघींमध्ये मावशी-भाचीचे नाते जडले. आपल्या घराचे दार आनंदीबाईंसाठी उघडे आहे, असे कार्पेंटर बाईंनी कळविले.

तरीही निवड सोपी नव्हती. नातलग, स्नेही, जातभाई सर्वांचाच अमेरिकेस जाण्याला विरोध होता. घरात राहून जे होईल ते करावे, फार तर देशातच काय शिकावयाचे ते शिकावे, परमुलुखात जाऊन धर्म बुडवू नये, असे जो तो सांगू लागला. मिशनऱ्यांकडील लोकांना वाटे, ही बाई ख्रिस्ती झाल्याशिवाय तिचे तेथे निभावणार नाही. अशा दोन्ही बाजूंच्या बोलण्याला एकदाच सर्वांसमक्ष उत्तर द्यावे, म्हणून आनंदीबाई सेरामपूरच्या सभेत उभ्या राहिल्या होत्या.

लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात, तेच त्यांनी एकामागून एक घेतले आणि त्यांची सरळ उत्तरे दिली. हिंदुस्थानात वैद्यकीय शिक्षणाची सोय नाही काय, हा त्यांतील एक मुख्य प्रश्न होता. आनंदीबाईंनी मद्रासचे नाव टाळले नाही. तेथे महाविद्यालय आहे, निरनिराळ्या इलाख्यांत सुइणींसाठी वर्गही आहेत, हे त्यांनी मोकळेपणी सांगितले. परंतु स्त्रियांना मिळणारे हे शिक्षण त्यांना अपुरे वाटत होते. शिकविणारे जुन्या मतांचे आहेत आणि स्त्रियांच्या प्रगतीबद्दल त्यांच्या मनात थोडा मत्सरही आहे, असे आपले स्पष्ट मत त्यांनी मांडले. ज्या देशात स्त्री डॉक्टरची गरज पावलोपावली भासते, तेथे अर्धवट शिकलेली डॉक्टर होऊन चालणार नाही. शिकावयाचे तर पुरते शिकावे, अशी त्यांची दृष्टी होती.

एकटी का जाता, या प्रश्नाचे उत्तरही त्यांनी न संकोचता दिले. दोघांच्या प्रवासाला पुरेल एवढा पैसा घरात नव्हता. शिवाय गोपाळरावांची आई व धाकटे भाऊ त्यांच्यावरच अवलंबून होते. त्या सर्वांना निराधार करून पतीने आपल्याबरोबर यावे, हे आनंदीबाईंना रुचले नाही. आणि बहिष्काराचे काय? त्यावर त्यांनी सांगितले की, आपले अन्न, आपला वेष आणि आपले आचार आपण तेथेही सोडणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. मग लोकांनी बहिष्कार का घालावा? आणि घातलाच, तर त्याला आपण भीत नाही.

अशा रीतीने या अठरा वर्षांच्या मुलीने दोन्ही वाटा तराजूत घालून पाहिल्या होत्या. एका पारड्यात सोय, सुरक्षितता आणि समाजाची मर्जी होती. दुसऱ्या पारड्यात कष्ट, एकटेपण आणि पूर्ण ज्ञान होते. आपल्याला काय सोसेल, एवढेच त्यांनी पाहिले असते, तर मद्रासचे पारडे जड झाले असते. परंतु आपल्या हाती येणाऱ्या रोगी स्त्रियांना काय उपयोगी पडेल, हे त्यांनी पाहिले आणि दूरची वाट धरली.

अंगावरचे दागिने विकून प्रवासखर्चाची तजवीज झाली. भाषणानंतर थोडीबहुत मदतही आली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाईंनी कलकत्त्याचा किनारा सोडला. बोटीवर शाकाहारी माणसाच्या पोटाला पुरेसे मिळणे कठीण. सोबत असून नसल्यासारखी. घरापासून प्रत्येक दिवस दूर नेत होता. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. तेथे कार्पेंटर मावशी त्यांची वाट पाहत होत्या.

रोझेल येथील घरात चार महिने मोठ्या आनंदात गेले. त्या घरच्या मुलांनी त्यांना आपलेसे केले. याच काळात आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र पाठविले. आपले ज्ञान किती मोठे आहे, हे सांगण्याचा त्यांनी त्यात यत्न केला नाही. आप्तस्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण येथवर आलो, तोच निश्चय आपल्याला पुढेही तारील. आपल्या देशातील स्त्रिया मरण पत्करतील, पण पुरुष वैद्याची मदत घेणार नाहीत, आणि अशांसाठीच आपल्याला हे शिक्षण हवे आहे, अशा आशयाचे ते पत्र होते. महाविद्यालयाच्या चालकांवर त्याचा परिणाम झाला. त्यांनी प्रवेश तर दिलाच. शिवाय तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

१८८३ च्या हिवाळ्याच्या तोंडावर अभ्यास सुरू झाला, आणि निवडलेल्या वाटेचे काटे एकेक करून टोचू लागले. राहण्याच्या खोलीतील शेगडी नीट चालत नसे. ती पेटवावी तर खोलीभर धूर होई. न पेटवावी तर थंडीने अंग काकडे. नऊवारी लुगड्याने पायांचे थंडीपासून रक्षण होईना, तेव्हा त्यांनी घोट्यापर्यंत पाय झाकणारी गुजराती धर्तीची साडी नेसावयास आरंभ केला. तेवढा बदल करतानाही आपण वचनापासून ढळत तर नाही ना, याचा त्यांनी विचार केला. मांसाहार त्यांनी केला नाही. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन, सायंकाळी स्वतःच्या हाताने रांधणे, आणि रात्री पुन्हा पुस्तके, असा त्यांचा क्रम होता. प्रकृती मुळातच नाजूक. ती हळूहळू ढासळू लागली. वारंवार ताप येई, डोके दुखे, खोकला जडे. डीन बॉडली यांनी आईच्या मायेने त्यांची काळजी वाहिली. तरी अभ्यासात खंड पडला नाही.

या महाविद्यालयात दूरदूरच्या देशांतून विद्यार्थिनी येत. ऑक्टोबर १८८५ मध्ये तेथे घेतलेले एक छायाचित्र आजही पाहावयास मिळते. त्यात तीन तरुणी आपापल्या देशाच्या वेषात बसल्या आहेत. एक जपानची केई ओकामी, दुसरी सीरियाची साबात इस्लांबुली, आणि तिसऱ्या लुगडे नेसलेल्या आनंदीबाई. तिघींच्या भाषा निराळ्या, धर्म निराळे. पण तिघी घराबाहेर पडल्या होत्या त्या एकाच विद्येसाठी.

पदवीसाठी आनंदीबाईंनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत राहूनही त्यांचे लक्ष कोठे लागले होते, हे त्यावरून दिसून येते. आपले दहा दिवसांचे बाळ त्या विसरल्या नव्हत्या.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान समारंभ झाला. गोपाळरावही तोवर अमेरिकेत येऊन पोचले होते. इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. लुगडे नेसलेली ही कृश मूर्ती पदवी घेण्यास पुढे आली, तेव्हा सभागृहात टाळ्यांचा एकच कडकडाट झाला. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशी जाऊन मिळविणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये आनंदीबाईंचे नाव अग्रभागी कायमचे लिहिले गेले.

इकडे मायदेशीही त्यांची वाट पाहिली जात होती. कोल्हापूर संस्थानाने तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते काम आता हाताशी आले होते. पण शरीरात क्षयाने घर केले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या, त्या आजारी अवस्थेतच. ज्या समाजाने त्यांच्यावर खडे टाकले होते, तोच आता त्यांच्या स्वागतास पुढे आला. पुण्यात उपचार सुरू झाले. पण गुण येईना. अखेर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यातच त्यांची प्राणज्योत मालवली. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांचे पाऊल पडले नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. त्या माउलीने न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी येथे, आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांची स्थापना केली. तेथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही उभा आहे. पुढे आकाशस्थ शुक्र ग्रहावरील एका विवरालाही जोशी हे त्यांचे नाव देण्यात आले.

आनंदीबाईंनी मद्रासची वाट धरली असती, तर त्या अधिक जगल्या असत्या काय? कोणी सांगावे! या प्रश्नाला आता उत्तर नाही. परंतु त्यांनी डोळे झाकून उडी घेतली नव्हती. थंडी, एकटेपणा आणि बहिष्कार यांचा हिशेब त्यांनी आधीच केला होता, आणि तो चारचौघांसमोर मांडलाही होता. अपुऱ्या विद्येने दुसऱ्याच्या जिवाशी खेळू नये, हे त्यांचे तत्त्व होते. त्या तत्त्वाची किंमत त्यांनी स्वतः मोजली.

त्यांच्या हातून एकाही रोग्याची सेवा आपल्या देशात घडली नाही, हे खरे. तरी ती वाट ओस पडली नाही. मुंबईच्या रखमाबाई १८८९ साली लंडनच्या स्त्री वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाल स्त्रियांची सेवा केली. त्यांच्यामागून आणखी कितीतरी जणी आल्या. आज मुलगी डॉक्टर होणार म्हटले, तर कोणी खिडकीतून डोकावून पाहत नाही. हातात पुस्तके घेऊन ती रस्त्याने निर्भयपणे चालत असते. त्या रस्त्यावरचे खडे कोणीतरी आपल्या अंगावर आधीच झेललेले आहेत.